रिकाम्या जागेचे भाडे

सप्टेंबर संपत आला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात सीताफळाची तोडणी जोर धरते. मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यावरचे लिंबागणेश हे बीड तालुक्यातले गाव. बाहेरच्यांना ते भालचंद्र गणपतीच्या देवळामुळे माहीत असते. या भागातल्या बागाईतदाराला मात्र या दिवसांत एकच घाई असते, गाडी वेळेत भरायची आणि नवी मुंबईतल्या वाशीच्या बाजाराला लावायची. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी मानांकनामुळे गाडीचे भाडे कमी होत नाही.

एक हिशेब मांडून बघू. समजा, चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून ४०० क्रेटची गाडी वीस हजारांत ठरवली. क्रेटमागे भाडे पडले ५० रुपये. नेमका दोन दिवस पाऊस लागला, तोडणी रखडली आणि गाडी उभी राहिली तेव्हा माल निघाला २८० क्रेट. भाडे वीस हजारच. आता क्रेटमागे ७१ रुपये पडले. जे १२० क्रेट गाडीत चढलेच नाहीत त्यांचे सहा हजार रुपये चढलेल्या क्रेटांनी भरले. विक्रीची पट्टी हातात येते तेव्हा तिच्यावर भाडे, हमाली, तोलाई, सगळे लिहिलेले असते. रिकाम्या जागेचे सहा हजार मात्र वेगळे कुठेच दिसत नाहीत, भाड्याच्या एकाच आकड्यात ते जिरून गेलेले असतात.

समुद्रावरच्या व्यापारात हाच खर्च उघडपणे, वेगळ्या नावाने मागितला जातो. त्याला डेड फ्रेट म्हणतात. जहाजात इतका माल देतो असे कबूल करून त्यापेक्षा कमी दिला, तर न दिलेल्या मालाचेही भाडे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा अन्याय वाटतो. माल नेला नाही, उतरवला नाही, मग पैसे कशाचे? पण जहाजाचा खर्च कशावर चालतो ते पाहिले की प्रश्नाचा रंग बदलतो. बंदराचे शुल्क बहुतेक ठिकाणी जहाजाच्या आकारमानावर, म्हणजे त्याच्या नोंदलेल्या टनेजवर आकारले जाते. आत माल किती आहे यावर नाही. सुएझ कालव्याचा करही मुख्यतः जहाजाच्या मापावर ठरतो. खलाशांचा पगार, विमा, कर्जाचा हप्ता यांतले काहीही अर्ध्या मालामुळे अर्धे होत नाही. इंधन थोडे कमी लागते, पण अगदी रिकामे जहाज नीट चालतही नाही. पंखा पाण्याखाली राहावा आणि जहाज डोलू नये म्हणून टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घ्यावे लागते. म्हणजे मालाच्या जागी फुकट पाणी वाहून न्यायचे, आणि त्यासाठीही इंधन जाळायचे.

शिवाय ही जागा साठवून ठेवता येत नाही. पिकून उकललेले सीताफळ जसे उद्याच्या बाजाराची वाट पाहत नाही, तशी जहाजाची रिकामी जागाही. जहाज धक्क्यावरून सुटले की त्या फेरीतली न विकलेली जागा कायमची गेली. पुढच्या फेरीत ती दुप्पट होऊन मिळत नाही.

तेव्हा खरा प्रश्न पैसे का मागितले हा नाही. रिकामेपणाची जोखीम आधीपासून कोणाच्या डोक्यावर होती, हा आहे, आणि ते सौद्याच्या पद्धतीवर ठरते. गाडी किंवा जहाज एकरकमी ठरवले, तर जोखीम माल देणाऱ्याची. भरा, न भरा, रक्कम तीच. लिंबागणेशची गाडी या प्रकारातली. जहाज महिन्याच्या किंवा दिवसाच्या भाड्याने घेतले, तरीही जोखीम घेणाऱ्याचीच, आणि वर उशिराची भर. पण भाडे टनामागे ठरले, तर उलटे होते. माल कमी आला की जहाजमालकाची कमाई कमी होते. म्हणून टनामागे भाडे ठरवणारा जहाजमालक करारात वचन लिहून घेतो की जहाज पूर्ण भरेल इतका माल तू देशील. ते वचन मोडले की डेड फ्रेट लागते. हा दंड नव्हे, मोडलेल्या वचनाची भरपाई आहे, आणि हा फरक व्यवहारात फार मोलाचा आहे. दंड असता तर आकडा मागणाऱ्याच्या मर्जीने ठरला असता. भरपाई म्हटली की हिशेब द्यावा लागतो.

हिशेब असा. जितका माल कमी आला तितक्याचे ठरलेल्या दराने भाडे काढायचे. त्यातून तो माल न चढवल्याने जहाजमालकाचा वाचलेला खर्च वजा करायचा. त्या रिकाम्या जागेत त्याने दुसऱ्या कोणाचा माल घेतला असेल, तर त्या मालाचे मिळालेले भाडेही वजा. उरेल ते डेड फ्रेट. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे ७३ वे कलम हेच तत्त्व सांगते. नुकसान झालेल्याने ते आटोक्यात ठेवायला हाताशी असलेले उपाय केले की नाही, हेही भरपाई ठरवताना पाहायचे. त्या कलमाखाली कायदा लिहिणाऱ्यांनी जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत मुंबईला येऊन कलकत्त्यासाठी माल घेण्याचे कबूल केलेल्या आणि न आलेल्या जहाजाचे एक आहे. तिथे दोष जहाजवाल्याचा आहे, पण सूत्र दोन्ही बाजूंना सारखे लागते. माल देणाऱ्याला दुसरे जहाज तितक्याच दरात मिळाले, तर त्याला मिळायचे ते फक्त झालेल्या दगदगीचे आणि खर्चाचे.

करारातली खरी मेख मात्र एका छोट्या शब्दसमूहात असते. मोठ्या मालाचा आकडा सहसा नेमका लिहीत नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडची साखर जयगडच्या बंदरातून जायची असेल, तर समजा असे लिहिले जाईल, २५,००० टन, पाच टक्के कमी-जास्त. ही पाच टक्क्यांची सूट कोणाच्या मर्जीने वापरायची, तेही त्याच ओळीत असते. जहाजमालकाच्या मर्जीने असेल, तर २३,७५० ते २६,२५० च्या दरम्यान किती घ्यायचे ते कप्तान सांगणार. त्याने २६,००० टन मागितले आणि साखरवाल्याने २४,००० आणले, तर साखरवाल्याला वाटते, मी मर्यादेतच आहे. तो मर्यादेत आहे, पण मर्यादा त्याची नव्हती. २,००० टन कमी पडले. टनाला दोन हजार रुपये भाडे धरले तर ४० लाखांचा दावा उभा राहतो, वाचलेला खर्च त्यातून वजा व्हायचा. तीच सूट माल देणाऱ्याच्या मर्जीने लिहिली असती, तर २४,००० टनांवर एक पैसाही द्यावा लागला नसता. करारनाम्याच्या शेकडो ओळींत ४० लाखांची ही एवढीशी जागा असते, आणि घाईत सही करणारा नेमकी तीच ओळ सोडून पुढे जातो.

किती माल चढला हे कसे कळते, तेही सांगायला हवे, कारण वाद तिथूनच सुरू होतो. मोठ्या प्रमाणावर सुटा माल भरला की तो काट्यावर मोजून भागत नाही. जहाजच तराजू होते. जहाजाच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे, पाण्याची खोली दाखवणारे आकडे रंगवलेले असतात. भरण्याआधी आणि भरल्यानंतर ते सहाही ठिकाणी वाचतात, बंदराच्या पाण्याची घनता मोजतात, टाक्यांतले पाणी आणि इंधन वजा करतात आणि चढलेल्या मालाचे वजन काढतात. माल कमी भरला असेल तर शहाणा कप्तान बंदर सोडण्यापूर्वीच लेखी नोंद करून ठेवतो की इतके टन कमी मिळाले, डेड फ्रेटचा हक्क राखून ठेवला आहे. त्या हक्कापोटी माल अडवून ठेवायचा अधिकार कायदा आपोआप देत नाही. तो करारात लिहून घ्यावा लागतो. १९२२ पासून जहाजव्यापारात चालत आलेल्या गेन्कॉन या छापील नमुन्याच्या प्रचलित आवृत्त्यांत तो लिहिलेला असतो. उलट बाजूही आहे. जहाजाचे तळघर अस्वच्छ निघाले, किंवा जहाजाची क्षमता सांगितली त्यापेक्षा कमी भरली, तर माल न चढण्याचा दोष जहाजाचा. तिथे डेड फ्रेट मागता येत नाही.

वजन आणि जागा यांचे भांडणही जुने आहे. लोहखनिज भरले तर तळघर अर्धे रिकामे असतानाच जहाज आपल्या भाररेषेपर्यंत बुडते. कापूस भरला तर तळघर छतापर्यंत गच्च होते आणि भाररेषा पाण्याच्या वर बरीच उघडी राहते. दोन्ही जहाजे पूर्ण भरलेलीच. म्हणून हलक्या मालाचे भाडे वजनावर लावले तर जहाजवाला बुडेल. मुंबईच्या कापूसव्यापारात यावर तोडगा होता. भाड्याचा टन तिथे वजनाचा नसून ५० घनफूट जागेचा धरत. या एका मापाने केवढा उद्योग उभा केला! जागेचे पैसे द्यायचे म्हटल्यावर तीच रुई जितक्या कमी जागेत दाबता येईल तितके भाडे वाचते. कुलाब्याच्या कापसाच्या अड्ड्याजवळ आधी स्क्रूचे, मग वाफेच्या आणि पाण्याच्या दाबाचे प्रेस आले, पुढे रेल्वेने प्रेस वऱ्हाड-खानदेशातल्या पेठांत नेले. आजही आपल्याकडे पक्की दाबलेली गाठ १७० किलोची धरतात. मराठवाड्यात जिनिंगच्या आवारात रचून ठेवलेल्या त्या लोखंडी पट्ट्यांच्या गाठींना मी फार आदराने पाहतो. जहाजातल्या जागेची किंमत समजलेल्या माणसांनी त्या दाबल्या आहेत.

आणि याच कापसावरून रिकाम्या जागेची सगळ्यात मोठी लढाई मुंबईत झाली. १८९० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीन-जपानला जाई आणि भारतातला कच्चा कापूस जपानच्या नव्या गिरण्यांना. वाहतूक पी अँड ओ या इंग्रज कंपनीच्या आणि तिच्या सोबत्यांच्या हातात होती. दर त्यांच्या मर्जीचे, आणि काही बड्या पेढ्यांना आतून सूट. जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला गेले आणि निप्पॉन यूसेन काइशा या जपानी जहाज कंपनीशी त्यांनी बोलणी केली. जपानी कंपनीची अट रास्त होती. आम्ही जोखीम घेऊ, तुम्हीही जहाजे लावा. टाटांनी ॲनी बॅरो हे इंग्रज जहाज महिना १,०५० पौंडांच्या ठरीव भाड्याने घेतले, मागून लिंडिसफार्न घेतले. टाटा लाइनचा दर ठेवला टनाला १२ रुपये, प्रचलित दरापेक्षा बराच खाली.

पी अँड ओने दर पाडले. पाडत पाडत दीड रुपयापर्यंत आणले, आणि टाटांच्या वा जपान्यांच्या जहाजात माल देणार नाही असे लिहून देणाऱ्यांनाच तो दर दिला. जपानला जाणारा कापूस तर फुकट न्यायचीही तयारी दाखवली. टाटांनी हा प्रकार ‘वॉर ऑफ फ्रेट्स’ या पुस्तिकेत जगापुढे मांडला, सरकारकडे दाद मागितली. पण दीड रुपया आणि बारा रुपये यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांनी दीड रुपया निवडला. ज्यांच्यासाठी जहाजे आणली त्यांनीच माल काढून घेतला. महिन्याच्या भाड्याने घेतलेले जहाज रिकामे गेले तरी १,०५० पौंड द्यावेच लागतात, हे वर पाहिलेच. टाटांनी मोठा तोटा सोसला आणि जहाजे परत केली. त्यानंतर भाडी पुन्हा चढली.

त्याच लढाईत जपानी कंपनी टिकली. का टिकली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. जपानच्या सूतगिरणीवाल्यांच्या संघाने तिला आधीच लेखी हमी दिली होती, वर्षाला निदान ५०,००० गाठी भारतीय कापूस आम्ही तुमच्याच जहाजांतून आणू. पी अँड ओने फुकट नेतो म्हटले तरी ते हलले नाहीत. मुंबईहून कोबेला जाणाऱ्या जहाजाची जागा वर्षाआधीच विकली गेली होती. पुढे पी अँड ओला त्यांच्याशी तडजोड करावी लागली. टाटांची आणि जपान्यांची जहाजे एकाच समुद्रावर, कापूसही एकाच मुलखातला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी त्या दिवसाचा स्वस्त दर पाहिला, जपान्यांनी पुढच्या दहा वर्षांचा पाहिला. मला या प्रसंगात टाटांच्या धाडसाइतकीच त्या हमीची थोरवी वाटते. जागा भरून देण्याचे वचन मुठीत असले की भाड्याच्या सौद्यात आपले वजन पडते, आणि ते वचन एकट्यादुकट्याने देता येत नाही.

जहाज कंपन्यांनाही हे पक्के कळले होते. १८७५ च्या कलकत्ता कॉन्फरन्सपासून त्यांनी दराचे संघ बांधले आणि ग्राहकाला बांधून ठेवायला सुटीची युक्ती काढली. ठरलेल्या मुदतीत सगळा माल आमच्याच जहाजांतून पाठवला, तर भाड्यातला काही भाग परत, तोही आणखी काही महिने थांबून. मधेच एक खेप दुसऱ्याला दिली की साठलेली सगळी सूट बुडाली. ५ एप्रिल १९१९ ला वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सोबत्यांच्या सिंधिया कंपनीचे लॉयल्टी हे जहाज मुंबईहून लंडनला सुटले, तेव्हा या बांधून ठेवलेल्या ग्राहकांच्या भिंतीवरच त्यांना वर्षानुवर्षे डोके आपटावे लागले.

कंटेनरच्या काळात हे सगळे बदलले असे वाटते, पण बदलले ते फक्त माप. वीस फुटी कंटेनरात साधारण ३३ घनमीटर जागा असते. कंटेनर पूर्ण घेतला तर तो भरायची जबाबदारी तुमची, भाडे डब्याचे. थोडाच माल असेल तर इतरांच्या मालासोबत पाठवता येतो, तिथे एक घनमीटर किंवा एक टन, जे जास्त भरेल त्यावर आकारणी. विमानात एका किलोला ६,००० घनसेंटिमीटर जागा धरतात. फुलांची हलकी पेटी म्हणूनच काट्यावर कमी आणि बिलात जड निघते. मोठे निर्यातदार विमानात जागा आधीच राखून घेतात; पक्की राखली तर न वापरताही पैसे, कच्ची राखली तर ठरावीक मुदतीआधी सोडता येते. जहाजात बुकिंग करून कंटेनर न आणणाऱ्यावर कंपन्या शुल्क लावतात, आणि त्यालाही कित्येकदा डेड फ्रेटच म्हणतात. एकच माल तीन-तीन कंपन्यांकडे बुक करून ठेवायची सवय वाढली, म्हणून कंपन्या क्षमतेपेक्षा जास्त बुकिंग घेऊ लागल्या, म्हणून खरा माल धक्क्यावर राहू लागला. मर्स्कने २०१९ मध्ये दोन्ही बाजूंना बांधणारी व्यवस्था आणली. माल आला नाही तर ग्राहकाने पैसे द्यायचे, बुकिंग असूनही माल मागे ठेवला तर कंपनीने द्यायचे. हे न्यायाचे आहे. एकाच बाजूचे वचन घेणाऱ्या कागदावर मी सही करणार नाही.

जमिनीवर रेल्वेचा नियम जहाजासारखाच आहे. वाघीण पूर्ण घेतली की भाडे सर्वसाधारणपणे तिच्या ठरवलेल्या वजनक्षमतेवर, काही हलक्या मालांना त्यांच्या वेगळ्या किमान वजनावर. कमी भरले तरी त्या किमान वजनाचे पैसे पडतातच. डेड फ्रेट हा शब्द रेल्वेच्या पावतीवर नसेल, पण तो तिथेच बसलेला आहे.

याला एक अपवाद आपल्याच राज्यात सुरू झाला. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून बिहारमधल्या दानापूरकडे पहिली किसान रेल सुटली. तिच्यात अनेक शेतकऱ्यांचा, अनेक प्रकारचा माल एकत्र जाई आणि किती कमी माल द्यायचा याला खालची मर्यादा ठेवलेली नव्हती. पुढे फळे आणि भाज्यांच्या भाड्यात ५० टक्के सवलतही मिळाली. त्याच वर्षीच्या २८ डिसेंबरला शंभरावी गाडी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडे गेली. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याने चार पेट्या दिल्या तर चार पेट्यांचेच पैसे. उरलेल्या डब्याच्या रिकामेपणाची जोखीम रेल्वेने आणि सरकारी तिजोरीने उचलली होती. कोणीतरी ती उचलावीच लागते, हेच या गाडीने दाखवले. छोट्या शेतकऱ्याने ती उचलायची नसेल, तर ती त्याच्यापेक्षा मोठ्या कोणीतरी उचलली पाहिजे. सरकारने, नाहीतर शेतकऱ्यांच्याच संघाने.

बीडला रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगर-बीड प्रवासी गाडीच्या रूपाने. परळीपर्यंतचा हा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झालेला. इतकी वर्षे वाट पाहिल्यावर आता मालाचेही बोलणे सुरू व्हायला हवे. कांदा, कापसाच्या गाठी, सीताफळाचा गर, सगळ्यांना ही वाट उपयोगी आहे. लिंबागणेश, पाटोदा, आष्टी या पट्ट्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी मालाची मागणी घेऊन जाताना दरापेक्षा आधी चार गोष्टी विचाराव्यात. किमान वजन किती, आणि ते वाघिणीमागे की पूर्ण गाडीमागे. एका वाघिणीत दोन-तीन गावांचा माल चालेल का, आणि चालला तर पावती कोणाच्या नावाने. बुकिंग कमी करायची शेवटची तारीख कोणती, कारण आमच्याकडे पाऊस विचारून येत नाही. आणि गाडी वेळेवर लागली नाही, तर खोळंबलेल्या मालाचे पैसे आम्हाला कोण देणार.

या चौथ्या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळेपर्यंत पहिल्या तिन्हींवर सही करू नये.